वैमानिक परवान्याची लेखी परीक्षा: क्लास, व्हिडिओ कोर्स की नुसती प्रश्नपेढी?

कोरा_नकाशा

खासगी वैमानिक परवान्याच्या लेखी परीक्षेची तयारी सुरू करायची आहे. हाताशी १२ आठवडे आहेत. रोज दीड तास आणि सुटीच्या दिवशी चार तास अभ्यास जमेल. गणित ठीक आहे, पण हवामान आणि नेव्हिगेशन पूर्ण नवीन. तीन वाटा दिसतात: शिक्षक असलेलं ग्राउंड स्कूल, आपल्या वेगाने बघायचा व्हिडिओ कोर्स, किंवा पुस्तक आणि प्रश्नपेढी. प्रश्नपेढी तीनदा फिरवली की पास होता येतं, असं बरेच जण सांगतात. ते कितपत खरं? आणि लेखी आधी उरकावी की उड्डाणाचे धडे आधी सुरू करावेत?

दिशाशोध

तीनदा फिरवून पास होता येतं हे खरं आहे, पण त्यातच गोची आहे. तिसऱ्या फेरीला माणूस प्रश्न वाचतच नाही, ओळखीचा पर्याय शोधतो. परीक्षेत वाऱ्याची दिशा किंवा तापमान बदललं की तोच ओळखीचा पर्याय चुकीचा ठरतो. त्यामुळे प्रश्नपेढी हवीच, पण शिकण्यासाठी नको. आपलं कुठे अडतंय ते शोधण्यासाठी वापरा.

पिटो-स्टॅटिक यंत्रणेचं, म्हणजे हवेच्या दाबावरून वेग आणि उंची दाखवणाऱ्या यंत्रणेचं उदाहरण घ्या. स्टॅटिक पोर्ट (बाहेरच्या हवेचा स्थिर दाब घेणारं छिद्र) बुजलं आणि विमान वर चढत असेल, तर स्पीड कमी दिसेल की जास्त? याची सहा वाक्यं पाठ करता येतात, आणि परीक्षेच्या दिवशी त्यांची हमखास अदलाबदल होते. त्याऐवजी एकच गोष्ट समजून घ्या. एअरस्पीड इंडिकेटर (वेगमापक) पिटोच्या, म्हणजे समोरून नळीत शिरणाऱ्या हवेच्या दाबातून स्टॅटिक दाब वजा करतो. पोर्ट बुजलं की खालच्या उंचीवरचा जास्त दाब आत अडकून राहतो. वर जाताना पिटोचा दाब कमी होतो, वजा होणारा आकडा मात्र तेवढाच राहतो, म्हणून स्पीड कमी दिसणार. उतरताना उलट. अल्टिमीटर (उंचीमापक) जागीच थांबणार, व्हर्टिकल स्पीड (चढ-उताराचा वेग) शून्य दाखवणार. एका कारणातून चार उत्तरं निघाली. पुस्तक आधी का वाचायचं, ते एवढ्यासाठी.

क्रमही महत्त्वाचा आहे. उड्डाणाची तत्त्वं आणि विमानाच्या यंत्रणा आधी घ्या, मग उपकरणं, मग हवामान. नेव्हिगेशन आणि परफॉर्मन्स (विमानाची कामगिरी) त्यानंतर. वातावरणाचा दाब एकदा नीट कळला की अल्टिमीटर, हवामान आणि परफॉर्मन्स हे तिन्ही विषय सोपे होतात. नियम सगळ्यात शेवटी. त्यात पाठांतर जास्त आहे आणि ते लवकर विसरतं.

प्रकरण वाचलं की त्याच दिवशी प्रश्न सोडवू नका. दुसऱ्या दिवशी २५-३० सोडवा. त्या दिवशी जे आठवतं तेच खरोखर डोक्यात बसलेलं असतं. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे कारण लिहा: माहिती नव्हती, प्रश्न नीट वाचला नाही, एकक चुकलं, की आलेख चुकीचा वाचला. प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे. आलेख वाचताना चूक होत असेल तर प्रकरण पुन्हा वाचून काहीच हाती लागणार नाही, पट्टी लावून दहा आलेख वाचावे लागतील.

लेखी आणि उड्डाण जोडीनेच चालवा. विमानात ट्रिम (नियंत्रणांवरचा ताण घालवणं) आणि स्टॉल (पंखांची उचल तुटणं) हाताने अनुभवले की पुस्तकातली पानं पटापट उलगडतात. लेखीच्या निकालाला मुदत असते, हेही विसरू नका. अमेरिकेत ती २४ महिने आहे, तेवढ्यात प्रात्यक्षिक परीक्षा व्हायला हवी. युरोपात नऊ विषय आहेत आणि पहिल्या प्रयत्नापासून १८ महिन्यांत सगळे सुटावे लागतात. या सगळ्याच्या आधी वैद्यकीय तपासणी करून घ्या. तिथे अडलं तर बाकीची मेहनत अडकून पडते.

आडवा_वारा

क्लासबद्दल वेगळं मत मांडतो. पूर्ण ग्राउंड स्कूलची सगळ्यांनाच गरज नसते, पण नेव्हिगेशनसाठी शिक्षक हवाच. फ्लाइट कॉम्प्युटरवर (नेव्हिगेशनचं गणित करायच्या गोल पट्टीवर) वाऱ्याचा त्रिकोण, म्हणजे वारा धरून विमानाची दिशा आणि वेग, कसा मांडायचा हे कोणीतरी शेजारी बसून दाखवलं तर दोन-तीन बैठकांत येतं. व्हिडिओ बघून हात चुकीचा बसला तर ती चूक शंभर प्रश्नांत तशीच येत राहते. सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे वाऱ्याचा बिंदू विरुद्ध बाजूला मांडणं. दुसरी, ट्रू (भौगोलिक उत्तरेपासूनच्या) आणि मॅग्नेटिक (होकायंत्राच्या उत्तरेपासूनच्या) दिशा एकाच गणितात मिसळणं. मेटार (विमानतळाचं सध्याचं हवामान), टॅफ (तिथला अंदाज) आणि वरच्या हवेच्या अंदाजातले वारे ट्रू उत्तरेपासून मोजलेले असतात, टॉवर तोंडी सांगतो तो वारा मॅग्नेटिक. म्हणून ट्रॅकही (जमिनीवरचा मार्ग) ट्रूमध्येच घ्या, ट्रू हेडिंग (विमानाच्या नाकाची दिशा) काढा आणि व्हेरिएशन (दोन उत्तरांमधला फरक) अगदी शेवटी लावा: पूर्वेचं वजा, पश्चिमेचं अधिक.

एकास-साठचा नियम (६० मैलांत १ मैल बाजूला म्हणजे १ अंशाची चूक) बहुतेकांना अर्धाच माहीत असतो. ४० नॉटिकल मैल गेल्यावर विमान ट्रॅकपासून ४ मैल बाजूला आहे, अजून ६० मैल जायचे आहेत. चूक ६ अंश. इथे थांबून हेडिंग ६ अंशांनी वळवलं तर विमान मूळ ट्रॅकला समांतर जाईल, गंतव्याला पोचणार नाही. उरलेल्या ६० मैलांत ४ मैल भरून काढायला आणखी ४ अंश लागतात, एकूण १०. पर्यायांत ४, ६ आणि १० तिन्ही असतात.

परीक्षा काढणारे चुकीचे पर्याय असेच बनवतात. डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे हवेच्या घनतेनुसार विमानाला जाणवणारी उंची घ्या. विमानतळ १८०० फुटांवर, क्यूएनएच (समुद्रसपाटीला आणलेला हवेचा दाब) १००३, तापमान ३१ अंश. प्रमाण दाब १०१३ मधून १००३ गेले, दहा हेक्टोपास्कल. प्रत्येकी ३० फूट धरले तर ३०० फूट. दाब कमी आहे म्हणून मिळवायचे: प्रेशर अल्टिट्यूड (प्रमाण दाबापासूनची उंची) २१०० फूट. त्या उंचीला प्रमाण तापमान १५ वजा साधारण ४, म्हणजे ११. प्रत्यक्षात २० अंश जास्त, अंशाला १२० फुटांप्रमाणे २४०० फूट. उत्तर ४५०० फूट. चिन्ह चुकवून ३०० वजा केले तर साधारण ३८०० येतात, आणि मध्येच थांबलात तर २१००. हे दोन्ही आकडे पर्यायांत ठेवलेले असतील. म्हणून आपलं उत्तर पर्यायात आहे एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. आधी तर्क लावा: गरम दिवस, कमी दाब, म्हणजे उत्तर १८०० च्या बरंच वर हवं.

वजन-संतुलनात लिटर म्हणजेच किलो धरू नका. १०० लिटर ॲव्हगॅसचं (विमानाच्या पेट्रोलचं) वजन साधारण ७२ किलो भरतं.

मेटार_वाचक

हवामानाला बिचकू नका, या परीक्षेतला सर्वांत तर्काचा विषय तोच आहे. पाठ करायचं ते थोडं, कारणं लक्षात ठेवायची ती जास्त. रेडिएशन फॉग निरभ्र रात्री, दमट हवेत, मंद वाऱ्यात पडतं, कारण जमीन उष्णता बाहेर टाकून थंड होते. ढग असतील तर ती उष्णता अडते, म्हणून धुकं पडत नाही. ॲडव्हेक्शन फॉगला मात्र वारा लागतो, कारण तिथे दमट हवा थंड पृष्ठभागावर सरकत यायला हवी. प्रश्नात वाऱ्याचा उल्लेख दिसला की निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

क्युम्युलस ढगांचा पाया काढायचा सोपा हिशोब: तापमान आणि दवबिंदू यांतला फरक गुणिले ४०० फूट. २४ आणि १६ असेल तर जमिनीपासून सुमारे ३२०० फूट. समुद्रसपाटीपासून विचारलं असेल तर विमानतळाची उंची मिळवायला विसरू नका, पुष्कळांचा गुण तिथेच जातो.

कार्ब्युरेटर आयसिंग (इंजिनात हवा-इंधन मिसळणाऱ्या भागात बर्फ धरणं) म्हणजे कडाक्याच्या थंडीतली गोष्ट, हा समज आधी काढून टाका. हवा दमट असेल तर २० अंशांच्या वरही बर्फ धरतो, कारण इंधनाच्या बाष्पीभवनाने आणि व्हेंच्युरीतल्या (त्याच्या अरुंद गळ्यातल्या) दाब-घटीने आतलं तापमान झपाट्याने उतरतं. फिक्स्ड पिच (पात्यांचा कोन न बदलणाऱ्या) प्रोपेलरच्या विमानात पहिली खूण म्हणजे आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) उतरणं.

रोज एक मेटार आणि एक टॅफ उलगडून वाचा. दहा मिनिटं पुरतात, आणि संकेतांची यादी वेगळी पाठ करावी लागत नाही.

कोरा_नकाशा

खूप उपयोग झाला. म्हणजे पुस्तक मुख्य, नेव्हिगेशनपुरता शिक्षक, प्रश्नपेढी तपासणीला. एक शंका राहिली: सराव परीक्षेत किती टक्के पडले की खऱ्या परीक्षेला बसावं?

दिशाशोध

आधी न पाहिलेल्या प्रश्नांच्या तीन सराव परीक्षा, वेळ लावून, वेगवेगळ्या दिवशी. तिन्हींत ८५ च्या वर आलात तर तारीख घ्या. त्याच त्या प्रश्नांवर मिळालेले ९५ टक्के मोजू नका. आणि सरासरीवर विसंबू नका. अमेरिकेतल्या परीक्षेत ६० प्रश्न, ७० टक्क्यांना पास, त्यामुळे एखादा कच्चा विषय बाकीच्यांच्या जोरावर निभावतो. युरोपात प्रत्येक विषयात स्वतंत्र ७५ टक्के लागतात, तिथे तो एक विषय अडवतो. जिथे निभावतो तिथेही तो पाठ सोडत नाही. अमेरिकेत चुकलेल्या विषयांचे संकेतांक निकालपत्रावर छापून येतात आणि प्रात्यक्षिकाच्या वेळी परीक्षक त्यावर तोंडी विचारतात.

आडवा_वारा

शेवटच्या आठवड्यात नवीन काही उघडू नका. चुकांची वही आणि नियमांतले आकडे, बस. परीक्षेत वाऱ्याचे आणि आलेखांचे प्रश्न पहिल्या फेरीत खूण करून सोडा, बाकीचे संपले की त्यांच्याकडे या. प्रश्नात ‘नाही’ किंवा ‘वगळता’ असेल तर तो शब्द कागदावर लिहून घ्या. सराव ज्या फ्लाइट कॉम्प्युटरवर केला तोच आत नेता येतो का, हे परीक्षा केंद्राच्या सूचनांत आधीच बघा. इलेक्ट्रॉनिक असेल तर त्याची मेमरी पुसायला सांगतात, म्हणून गोल पट्टीचा साधा फ्लाइट कॉम्प्युटर हातात बसवून ठेवा.