जनुकसंचाचा 80 टक्के भाग कार्यशील आहे, हा निष्कर्ष टिकतो का?

पेशीवाचक (धागाकर्ती)

मानवी जनुकसंचात सुमारे 3 अब्ज अक्षरे (डीएनएचे रासायनिक घटक) आहेत आणि प्रथिन कसे बांधायचे हे सांगणारा भाग त्यांत जेमतेम दीड टक्क्याच्या आसपास भरतो. उरलेल्या भागाचे काय, या प्रश्नावर 1972 साली आनुवंशशास्त्रज्ञ सुसुमु ओहनो यांनी असे मांडले की त्यातला बराचसा भाग उत्क्रांतीच्या ओघात साठलेला आणि जिवाला विशेष उपयोग नसलेला आहे. ‘जंक डीएनए’ हे नाव तेव्हापासून रूढ झाले. पुढे सप्टेंबर 2012 मध्ये ‘एन्कोड’ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचे 30 शोधनिबंध एकाच वेळी प्रसिद्ध झाले आणि त्यांतल्या मुख्य निबंधाने जनुकसंचाच्या 80.4 टक्के भागाला जैवरासायनिक कार्य बहाल केले. तेव्हापासून ‘जंक डीएनए ही कल्पना आता निकालात निघाली’ हे विधान मी मराठी व्याख्यानांत आणि महाविद्यालयीन टिपणांत सतत ऐकत-वाचत आले आहे. पुराव्याच्या मानाने हा निष्कर्ष फार मोठा आहे आणि सिद्ध झालेली गोष्ट म्हणून तो विद्यार्थ्यांना शिकवला जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

हा आकडा कसा तयार झाला ते आधी पाहू. एन्कोडने 147 पेशीप्रकारांमध्ये वेगवेगळ्या खुणा मोजल्या. कोणत्या ना कोणत्या पेशीत ज्यापासून आरएनए तयार झालेला सापडला असा भाग 62 टक्के होता. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांवर रासायनिक खुणा असलेला भाग 56 टक्के होता. गुंडाळी सैल असल्यामुळे विकराने सहज कापता येणारा भाग सुमारे 15 टक्के, आणि नियंत्रक प्रथिने प्रत्यक्ष चिकटलेली आढळली असा भाग सुमारे 8 टक्के होता. हे भाग एकमेकांवर येतात, आणि त्या सर्वांची गोळाबेरीज म्हणजे 80 टक्के. याचा अर्थ असा की या आकड्याचा मोठा हिस्सा ‘इथून आरएनए तयार झाला’ आणि ‘इथे हिस्टोनवर खूण आहे’ एवढ्याच निरीक्षणांवर उभा आहे. आरएनए पॉलिमरेज हे विकर मात्र योग्य जागी सुरुवात करण्यात अचूक नसते. आसपासच्या मोकळ्या डीएनएवरही ते थोडेफार प्रतिलेखन, म्हणजे डीएनएवरून आरएनए बनवण्याचे काम, करते, आणि असे कित्येक आरएनए सरासरीने पेशीमागे एक प्रत इतकेसुद्धा भरत नाहीत. शिवाय, मोजमापासाठी वापरलेल्या पेशींमध्ये हेला आणि के-562 यांसारख्या कर्करोगाच्या पेशींचा वाटा मोठा होता, आणि जनुकांवरचा लगाम ढिला पडलेला असणे हे तर अशा पेशींचे लक्षणच आहे.

कार्य आहे असे म्हणायचे असेल, तर तो भाग बिघडल्यावर काहीतरी अडले पाहिजे आणि नैसर्गिक निवडीने तो बिघाड गाळून टाकला पाहिजे. ऑक्सफर्डमधील संशोधकांनी 2014 मध्ये सस्तन प्राण्यांच्या जनुकसंचांची तुलना करून मानवी जनुकसंचाचा सुमारे 8.2 टक्के भाग असा जपला गेला आहे, असा अंदाज मांडला. दुसरी अडचण वंशसातत्याची आहे. प्रत्येक नवजात बालकात साधारण साठ-सत्तर नवी उत्परिवर्तने असतात. 80 टक्के अक्षरे खरोखर महत्त्वाची असती, तर त्यांतली बहुतेक उत्परिवर्तने महत्त्वाच्याच जागी पडली असती आणि त्यांचा भार कोणत्याही मानवसमूहाला पिढ्यान्‌पिढ्या पेलता आला नसता. उत्क्रांती-अभ्यासक डॅन ग्राउर यांनी 2013 मध्ये एन्कोडवर केलेल्या कडक टीकेचा आणि त्यांच्या पुढच्या लेखनाचा गाभा हाच आहे, आणि त्याचे समाधानकारक उत्तर मला आजवर कुठेही मिळालेले नाही.

रात्रपाळी

मी जनुक-अभिव्यक्तीवर प्रयोगशाळेत काम करतो, त्यामुळे दुसरी बाजू सविस्तर मांडणे मला आवश्यक वाटते. आपण उत्क्रांतीत टिकून राहण्याला कार्याची एकमेव कसोटी मानले आहे, आणि माझा आक्षेप नेमका तिथे आहे. अनेक प्रजातींत जे सारखे राहिले ते महत्त्वाचे, हे बरोबर आहे. जे सारखे राहिले नाही ते बिनमहत्त्वाचे, असे मात्र त्यातून निघत नाही, कारण नियंत्रक भाग जनुकांपेक्षा फार वेगाने बदलतात.

प्रौढपणी दूध पचवण्याचे उदाहरण घ्या. लॅक्टेज विकराचे जनुक बहुतेक सस्तन प्राण्यांत अंगावरचे दूध सुटल्यावर मंदावते. युरोपातील बहुसंख्य लोकांत आणि भारतातही, विशेषतः उत्तरेकडे, अनेकांत ते चालू राहते. त्यामागचा बदल फक्त एका अक्षराचा आहे, आणि ते अक्षर लॅक्टेजच्या जनुकात नाही. त्याच्यापासून सुमारे 14,000 अक्षरे दूर, शेजारच्या एमसीएम-6 या जनुकाच्या प्रथिन न बनवणाऱ्या तुकड्यात ते आहे. हा बदल मानवाने पशुपालन सुरू केल्यानंतर पसरला. उंदीर आणि माणूस यांच्या तुलनेतून तो कधीच सापडला नसता. त्याहून लांबचे उदाहरण हातापायांच्या बोटांचे आहे: ‘सॉनिक हेजहॉग’ जनुकाला भ्रूणाच्या हातापायात चालू करणारा एन्हान्सर (जनुकाचे काम वाढवणारा नियंत्रक डीएनए-तुकडा) त्या जनुकापासून जवळपास 10 लाख अक्षरे दूर आहे आणि त्यात एक अक्षर बदलले तरी जादा बोट येऊ शकते.

सामान्य आजारांशी सांख्यिकीय संबंध आढळलेल्या जनुकीय बदलांपैकी सुमारे 90 टक्के बदल प्रथिन न बनवणाऱ्या भागात पडतात. मधुमेह किंवा हृदयविकाराचा अभ्यास करणाऱ्याला यांपैकी कोणता बदल कोणत्या पेशीत कोणते जनुक कमीअधिक करतो हे शोधायचे असते, आणि त्यासाठी एन्कोडचा नकाशा हीच पहिली पायरी ठरते. 80 हा आकडा मांडण्याच्या पद्धतीवर मतभेद असू शकतात. त्यावरून ‘हा सगळा गोंगाट आहे’ असे विद्यार्थ्यांच्या मनावर ठसले, तर त्यांतले कोणी उद्या त्या भागात शोध घेणार नाही, ही माझी खरी काळजी आहे.

वैनगंगाकाठ

विदर्भातल्या रक्तविकारांच्या रुग्णांशी माझा कामाच्या निमित्ताने रोजचा संबंध येतो, म्हणून या वादात एक प्रत्यक्ष उदाहरण मांडावेसे वाटते.

सिकलसेलमध्ये दोष प्रौढ हिमोग्लोबिनच्या जनुकात असतो. गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन निराळ्या जनुकापासून तयार होते आणि ते जन्मानंतर काही महिन्यांत जवळजवळ बंद होते. ज्यांच्यात ते बऱ्यापैकी चालू राहते, त्यांचा आजार सौम्य असतो. भारतात आढळणाऱ्या सिकलसेलच्या प्रकाराला अरब-भारतीय म्हणतात. त्यात गर्भ हिमोग्लोबिन मुळातच जास्त असते, आणि त्याच्याशी जोडलेला एक ठळक बदल गर्भ हिमोग्लोबिनच्या जनुकाच्या अगदी आधीच्या नियंत्रक भागातला, केवळ एका अक्षराचा आहे. तरीही आमच्या भागात तीव्र आजाराचे रुग्ण भरपूर आहेत, त्यामुळे ‘आपल्याकडचा सिकलसेल सौम्य’ असे सरसकट कोणी समजू नये.

गर्भ हिमोग्लोबिन बंद करण्यात बीसीएल-11ए या जनुकाचा मोठा वाटा आहे. हे जनुक सरळ मोडून टाकता येत नाही, कारण मेंदूच्या आणि प्रतिकारशक्तीच्या पेशींनाही त्याची गरज असते. गर्भ हिमोग्लोबिन कमीअधिक असलेल्या लोकांची तुलना केली तेव्हा बदल सापडले ते या जनुकाच्या प्रथिन न बनवणाऱ्या तुकड्यात. 2013 मध्ये स्टुअर्ट ऑर्किन यांच्या गटाने दाखवले की तिथे फक्त तांबड्या रक्तपेशींच्या वंशात काम करणारा एन्हान्सर आहे. रुग्णाच्याच मूलपेशी बाहेर काढून क्रिस्पर तंत्राने तो एन्हान्सर कापला की बीसीएल-11ए तांबड्या पेशींपुरते मंदावते आणि गर्भ हिमोग्लोबिन पुन्हा वाढते. या उपचाराला 2023 च्या नोव्हेंबरात ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने मान्यता दिली. अमेरिकेत त्याची किंमत 22 लाख डॉलर आहे आणि गडचिरोली-नंदुरबारच्या रुग्णाच्या तो आवाक्यात येण्याची आज कोणतीही शक्यता नाही, हे दुःख वेगळे आहे. परंतु कालपर्यंत ज्याला निरुपयोगी म्हटले जात होते, त्याच भागातून हा उपचार आला, एवढे धागाकर्त्या ताईंनी लक्षात घ्यावे.

पेशीवाचक

वैनगंगाकाठ, आपण दिलेले उदाहरण मौल्यवान आहे, परंतु ते माझ्या विरुद्ध जात नाही असे मी नम्रपणे सुचवते. प्रथिन न बनवणारा सगळा भाग निरुपयोगी आहे असे ओहनो यांनीही म्हटले नव्हते आणि मीही म्हणत नाही. जाकोब आणि मोनो यांनी 1961 मध्येच जिवाणूत प्रथिन न बनवणारा नियंत्रक भाग असतो हे दाखवून दिले होते. माझ्याच 8 टक्क्यांत दीड टक्का प्रथिनांचा आहे. म्हणजे प्रथिने न बनवणारा कार्यशील भाग त्याच्या चौपटीहून अधिक होतो, आणि आपले एन्हान्सर त्यात निश्चिंतपणे मावतात.

शिवाय त्या एन्हान्सरचे कार्य सिद्ध कसे झाले, तेही पाहावे. सैल गुंडाळीच्या खुणेने जागा दाखवली, एवढे श्रेय त्या तंत्राचे आहेच. परंतु 2015 मध्ये त्याच संशोधकांनी तो पट्टा जागोजागी कापून पाहिला, तेव्हा लक्षणीय परिणाम मोजक्याच जागी दिसला, आणि सर्वांत ठळक परिणाम जीएटीए-1 हे नियंत्रक प्रथिन जिथे चिकटते त्या इवल्याशा तुकड्यात होता. खूण शेकडो अक्षरांवर पसरलेली होती आणि काम त्यांतली मूठभर अक्षरे करत होती. एन्कोडच्या मोजणीत मात्र तो अख्खा पट्टा जमेस धरला जातो. संशयिताच्या घराभोवतीची सगळी गल्ली आरोपी ठरवण्यासारखे ते आहे.

पठारफुले

मी वनस्पतींचा अभ्यासक आहे, म्हणून माणसाबाहेरचा पुरावा थोडक्यात ठेवतो. कास पठारावर पावसाळ्यात फुलणारी सीतेची आसवे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. ती युट्रिक्युलारिया या कीटकभक्षी वंशातली आहेत. त्याच वंशातल्या युट्रिक्युलारिया गिब्बा या पाणवनस्पतीचा जनुकसंच 2013 मध्ये वाचला गेला. तो केवळ 8.2 कोटी अक्षरांचा आहे, त्यात सुमारे 28,500 जनुके आहेत आणि जनुकांबाहेरचा भाग अवघा 3 टक्क्यांच्या आसपास उरला आहे. आपल्या स्वयंपाकघरातल्या कांद्याचा जनुकसंच मात्र सुमारे 16 अब्ज अक्षरांचा, म्हणजे माणसाच्या पाचपट आहे. माणसाचा 80 टक्के भाग नियंत्रणासाठी लागतो असे म्हणणाऱ्याने कांद्याला त्याहून पाचपट कशाला लागतो, हे सांगायला हवे. टी. रायन ग्रेगरी यांनी 2007 मध्ये हाच प्रश्न विचारला होता. फूल, पान, मूळ, बी आणि वर कीटक पकडणारा सापळा हे सगळे ती पाणवनस्पती इतक्या थोडक्यात चालवते, यापुढे ‘सगळेच लागते’ हा दावा मला तरी टिकणारा वाटत नाही.

रात्रपाळी

कांद्याचा मुद्दा जनुकसंचाच्या एकूण लांबीविषयी आहे आणि तिथे माझा विरोध नाही. ही लांबी मुख्यतः उड्या मारणाऱ्या डीएनए-घटकांच्या प्रती वाढल्याने वाढते. मानवातही सुमारे 45 टक्के भाग अशाच घटकांपासून आलेला आहे. परंतु बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्यात हे घटक प्रथम ओळखले तेव्हा ते शेजारच्या जनुकांचे नियंत्रण करतात असेच त्यांचे म्हणणे होते, आणि आपल्या वारेच्या घडणीत भाग घेणारे सिन्सिटिन हे प्रथिन तर प्राचीन विषाणूच्या जनुकापासून आलेले आहे. तेव्हा मूळ परके आहे एवढ्यावरून कार्य नाकारता येत नाही.

आता ‘काढून पाहा आणि काय बिघडते ते बघा’ या कसोटीकडे येतो. 2004 मध्ये उंदरांच्या जनुकसंचातून सुमारे 15 लाख आणि 8 लाखांहून अधिक अक्षरांचे दोन पट्टे काढले गेले आणि उंदीर ठणठणीत राहिले. हे उदाहरण आपल्या बाजूने नेहमी दिले जाते. 2007 मध्ये तर प्रजातींमध्ये अक्षर न अक्षर जपले गेलेले तुकडे काढले, तरी उंदीर जगले आणि व्यायले. म्हणजे आपल्या उत्क्रांतीच्या कसोटीनुसार अत्यंत महत्त्वाचे असलेले भागच या दुसऱ्या कसोटीत निरुपयोगी ठरले. पुढे 2018 मध्ये अशाच प्रकारच्या, मेंदूतल्या एआरएक्स जनुकाजवळच्या तुकड्यांचा बारकाईने अभ्यास झाला, तेव्हा ते काढलेल्या उंदरांच्या मेंदूच्या रचनेत दोष आढळले. पिंजऱ्यात खाऊनपिऊन असलेला उंदीर ठीक दिसतो, यावरून निर्णय देणे किती धोक्याचे आहे ते यातून स्पष्ट होते.

प्रतिलेखन गोंगाट म्हणून कुठेही होते, या आपल्या गृहीताविषयीही एक प्रयोग आता झाला आहे. शॉन एडी यांनी 2013 मध्ये सुचवले होते की यादृच्छिक डीएनए पेशीत घालून तिथे किती खुणा दिसतात ते मोजावे. 2024 मध्ये जेफ बुके यांच्या गटाने जवळपास तसेच केले. मानवी एचपीआरटी-1 जनुकाचा सुमारे 1 लाख अक्षरांचा पट्टा त्यांनी उलट क्रमाने लिहून काढला, म्हणजे त्यातला मूळ अर्थ पुसला गेला, आणि तो यीस्टमध्ये व उंदराच्या मूलपेशीत बसवला. यीस्टमध्ये त्याचे भरपूर प्रतिलेखन झाले. उंदराच्या पेशीत तो गप्प राहिला. सस्तन पेशी वाटेल त्या डीएनएपासून आरएनए बनवत नाही, असे यातून दिसते. मग जिथे ती बनवते, तिथे काही कारण असण्याची शक्यता वाढत नाही का?

पेशीवाचक

हा प्रयोग आपण काढलात याचा मला आनंद आहे, कारण पुढचा वाद याच मार्गाने व्हायला हवा. प्रतिलेखनापुरते आपले म्हणणे मी विचारात घेते. एका पट्ट्यावरून आणि एका पेशीप्रकारावरून सर्व जनुकसंचाविषयी बोलणे घाईचे ठरेल, तरी सस्तन पेशीची मूळ प्रवृत्ती गप्प राहण्याची असू शकते, हे त्यातून पुढे येते.

परंतु त्याच प्रयोगाचा दुसरा भाग आपण सांगितला नाहीत. उंदराच्या पेशीत त्या उलट्या पट्ट्यावर प्रतिलेखन झाले नाही, पण हिस्टोनवरची दडपणाची खूण मात्र तिथे पसरली. ‘सी’नंतर लगेच ‘जी’ येणाऱ्या अक्षरजोड्या काढून तोच पट्टा पुन्हा बसवला, तेव्हा ती खूण नाहीशी झाली आणि पट्टा तरीही गप्पच राहिला. म्हणजे ज्या डीएनएला कोणताही उत्क्रांतीचा इतिहास नाही, जो संशोधकांनी उलट लिहिल्यामुळे अस्तित्वात आला, त्याच्यावरही केवळ अक्षरांच्या घडणीमुळे खूण उमटली. एन्कोडच्या मोजणीतले 56 टक्के हिस्टोनवरच्या खुणांचे आहेत. त्यांतल्या कोणत्या खुणा नियंत्रणासाठी आहेत आणि कोणत्या अशाच आपोआप उमटतात, हे वेगळे केल्याशिवाय ती बेरीज कार्याची बेरीज कशी मानायची?

एन्कोडशी संबंधित संशोधकांनीच 2014 च्या एका निबंधात मान्य केले की जैवरासायनिक, जनुकीय आणि उत्क्रांतीच्या पुराव्यांतून वेगवेगळे आकडे निघतात आणि कोणताही एक पुरावा एकट्याने पुरेसा नाही. माझ्या वर्गात मी तो निबंध आणि 2012 चा मुख्य निबंध शेजारी ठेवून वाचायला देते. रात्रपाळी, आपल्या प्रयोगशाळेत एखाद्या खुणेच्या जागेवरची अक्षरे एकेक बदलून जनुकाची अभिव्यक्ती मोजलेली असेल, तर ती आकडेवारी इथे अवश्य मांडा. किती जागांवर काहीच फरक पडला नाही, तेही त्यासोबत सांगा.