मदत हवी आहे : वेबरिंगमधली एक कडी गळली, जोडायची कशी?

नमस्कार मंडळी,

आम्ही ठाणे-नवी मुंबईतले सात जण. नौपाड्याचे एक काका नाटकांची जुनी तिकिटं स्कॅन करून साइटवर टाकतात, ऐरोलीची मैत्रीण खाडीतल्या फ्लेमिंगोंच्या नोंदी ठेवते, मी ठाण्यातल्या तलावांवर लिहिते. सर्चमध्ये आम्हाला कुणी विचारत नाही, म्हणून वेबरिंग काढलं. पानाच्या तळाशी 'मागे' आणि 'पुढे', दाबत गेलं की सात घरं हिंडून परत आपल्या दारात.

जुन्या लोकांना आठवत असेल, १९९५ साली सेज वाइल नावाच्या प्रोग्रामरने यासाठी सॉफ्टवेअर केलं होतं. ते फिरत फिरत जिओसिटीजकडे (फुकट वेबसाइट देणारी तेव्हाची सेवा) आणि १९९९ मध्ये जिओसिटीजसकट याहूकडे गेलं. सगळ्या रिंगांचा हिशेब एकाच जागी, त्यामुळे मालकाने व्यवस्था बदलली की सगळ्यांची पंचाईत. आमचंही तेच झालं. स्क्रिप्ट एकाच्या होस्टिंगवर होती, पैसे भरायचे राहिले आणि सातही जणांचे बाण एका दिवसात बंद!

म्हणून आता मॅस्टोडॉन, म्हणजे एका कंपनीच्या नाही तर वेगवेगळ्या लोकांच्या सर्व्हरवर चालणारं सोशल नेटवर्क. प्रोफाइलमध्ये चार रकाने मिळतात : माझी साइट, मागे, पुढे, रिंगचे नियम. बरोब्बर चार. पानावरची स्क्रिप्ट आपल्याच प्रोफाइलमधून बाण वाचते. मध्ये कुणी मुकादम नाही. साइटवरून प्रोफाइलला 'रेल-मी' (rel=me, 'हे प्रोफाइल माझंच' असं सांगणारी खूण) वाली लिंक दिली की रकाना हिरवा होतो, म्हणजे साइट खरंच त्याच माणसाची. (काकांनी उत्साहात मैत्रिणीच्या प्रोफाइलच्या लिंकलाही रेल-मी लावलं. तिच्या 'पुढे'च्या रकान्यात काकांची साइट, ती हिरवी झाली आणि दोन दिवस नाटकांची तिकिटं तिच्या नावावर!)

आता अडचण. कोपरखैरण्याच्या सदस्याचा सर्व्हर बंद पडला, साइटही गेली. काकांचा 'पुढे' त्याच्याकडे जात होता, आता तिथे काही नाही. त्याच्या पुढे कोण होतं ते त्याच्याच रकान्यात. सात जणांत फोन करून विचारता येतं, पण उद्या सत्तर झाले तर? मध्यवर्ती यादी ठेवायची नाही, एवढी एकच अट आहे.

आणखी एक. बदल कळवायला हॅशटॅग ठरवला होता, पण माझ्या सर्व्हरवर मैत्रिणीच्या पोस्ट दिसतच नाहीत. हे असं का?

प्रतिसाद :
हॅशटॅगचं आधी. तुमच्या सर्व्हरपर्यंत जे पोचलंय तेवढंच तो दाखवतो. तिथलं कुणीच तुमच्या मैत्रिणीला फॉलो करत नसेल तर तिच्या पोस्ट येणार कशा? सगळ्यांनी एकमेकांना फॉलो करा.

कडीचं म्हणाल तर काकांपासून 'मागे, मागे' करत उलटं चाला. ज्याचा 'मागे' मेलेल्या पत्त्यावर जातो तोच काकांचा नवा 'पुढे'. दोन ठिकाणी एकदम तुटलं तर मात्र मधले सुटतील. नियमांचा रकाना काढून तिथे 'पुढच्याच्या पुढे' लिहा, नियम साइटवर ठेवा.

धागाकर्ती :
उलटं चाललं तर सापडेल हे डोक्यातच आलं नाही! पाचव्या क्लिकला मीच निघाले, माझाच 'मागे' मेलेला. काकांना कळवलंय. रकाना बदलायला मात्र ते तयार नाहीत, नियम त्यांनीच लिहिलेत.