मदत हवी आहे: जीबीएसनंतर बसवताना बीपी पडतं, व्यायाम कुठे थांबवायचा?

नमस्कार मंडळी. वडील, वय ६१, गिया-बारे सिंड्रोम (जीबीएस, शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर उलटून हातपाय लुळे पडतात तो आजार). आयव्हीआयजीचा (शिरेतून अँटीबॉडी देण्याचा) कोर्स झाला. व्हेंटिलेटर सुटलाय, पण गळ्यात ट्रॅकिओस्टॉमीची (श्वासासाठी छेद देऊन बसवलेली) नळी आहे, नाकातून फीड चालू आहे. परवा आयसीयूतून घरी आणलं. शुद्ध पूर्ण आहे, मान धरतात, हात थोडे उचलतात, पायांत अजून जोर नाही.

अडचण बसवण्याची. आडवं असताना बीपी १३०/८०, पलंगाच्या कडेला पाय सोडून बसवलं की दोन मिनिटांत वरचा आकडा ९०वर येतो. चेहरा पांढरा पडतो, घाम फुटतो. ऑक्सिजन मात्र ९६च्या खाली जात नाही. जीबीएसमध्ये बीपी-नाडीवरचा ताबा बिघडतो हे डॉक्टरांनी सांगितलंय. डिस्चार्ज कार्डावर नुसतं 'झेपेल तसं बसवा'. झेपलं हे ठरवायचं कुणी?

पोटाला बाइंडर, पायांना क्रेप बँडेज आणि आधी उशा रचून हळूहळू उठवणं, एवढं करून पाहिलंय. थोडा फरक पडतो. फीडनंतर तासभर हलवत नाही, सक्शन (नळीतला कफ ओढून काढणं) आधी करून घेतो. बीपीची गोळी चालू नाही.

गाव तालुक्यापासून लांब, फिजिओ दिवसाआड येतात, टिल्ट टेबल (पेशंटला बांधून हळूहळू उभं करायचं टेबल) नाही. न्यूरोच्या डॉक्टरांची तारीख पुढच्या आठवड्यात आहे, औषधाचं त्यांनाच विचारू.

आयसीयू किंवा न्यूरो रिहॅबमध्ये काम करणाऱ्या फिजिओ-नर्सेसना विचारायचंय: बीपी आणि नाडी किती झाली की लगेच आडवं करायचं, आणि तोपर्यंत पलंगावरच कोणता व्यायाम चालू ठेवता?