एक काम संपलं, दुसरं यायचंय: मधल्या दिवसांचे अनुभव

आपल्या बेळगाव भागात फ्रीलान्स काम करणाऱ्यांना एवढंच विचारलं होतं: एक काम हातावेगळं झालं आणि पुढचं अजून सुरू झालेलं नाही, ते दिवस कसे गेले? जे आलं ते खाली देतोय. तुम्हीही लिहा.

शहापूर, भाषांतरकार

कन्नडमधून मराठीत भाषांतरं करतो. मोठ्या कामाची शेवटची फाईल पाठवली, पुढचं महिन्याभराने सुरू होणार होतं. दोन दिवस सवयीने पहाटे लॅपटॉप उघडून बसलो. तिसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, "मिरजेला जाऊया की रे, उरूस आहे." रेल्वेने गेलो. तिथल्या दर्ग्यात गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दरवर्षी संगीतसभा होते.

दुपारी सतारमेकर गल्लीत हिंडलो. एक कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुती दोरा सरकवत होता. दोरा केसभर इकडे, तर आवाज मुका. केसभर तिकडे, तर तार भोपळ्यासकट गुंजायला लागली. बाबा वाकून बघत होते. "आता लागली बघ जवारी," म्हणाले. जवारी म्हणजे तारेचा तो गुंजता आवाज. आयुष्यभर त्यांनी गाणं ऐकलं, पण जवारी लावताना पहिल्यांदाच पाहत होते.

एरवी मी मैफलीतून मध्यंतरालाच उठतो, सकाळी काम द्यायचं असतं म्हणून. त्या रात्री उठलो नाही. पहाटे गार पडलं, बाबांनी अर्धी शाल माझ्या अंगावर टाकली आणि आम्ही भैरवीपर्यंत बसलो. मी चाळिशीचा आहे. त्यांच्या शालीत शेवटचा कधी बसलो होतो, आठवत नाही.

पैशाची काळजी असतेच. म्हणून प्रत्येक बिलातला थोडा भाग वेगळ्या खात्यात टाकतो. तीन महिन्यांचा घरखर्च तिथे असला की असं बसता येतं.

निपाणी, ग्राफिक डिझायनर

आठ वर्षांच्या लेकीला घेऊन बेळगावला माहेरी राहिले. किल्ल्यातली कमलबस्ती मी शाळेच्या सहलीत पाहिली होती, म्हणजे पाहिलीच नव्हती. इ. स. १२०४ ची ती बस्ती, म्हणजे जैन मंदिर. छतातल्या दगडी कमळाच्या पाकळ्या मोजताना लेकीची मान अवघडली, तरी तिथून हलेना.

दुसऱ्या दिवशी वरेरकर नाट्य संघाच्या कलादालनात जलरंगांचं प्रदर्शन होतं. के. बी. कुलकर्णी सरांनी या गावात चित्रकार घडवले. रवी परांजपे त्यांचेच विद्यार्थी. नदीच्या एका चित्रापुढे लेक थांबली. "आई, पाण्यावरचा पांढरा रंग कुठला?" मी तिला जवळ नेऊन दाखवलं. तिथे रंग नव्हताच, कोरा कागद राखून ठेवला होता. स्क्रीनवर चुकलं की मी मागे जाते. इथे ब्रश उचलायच्या आधीच ठरवायचं, कुठे हात लावायचा नाही. घरी येऊन दोघींनी संध्याकाळपर्यंत तेच करून पाहिलं. तिचं माझ्यापेक्षा चांगलं आलं.

खानापूर तालुका, व्हिडिओ एडिटर

माझा रिकामा वेळ हौसेचा नव्हता. एका ग्राहकाने चार महिने पैसे अडकवले होते, नवं कामही नव्हतं. गावी आलो तर भातकापणी चालू. दिवसा विळा, एकादशीला देवळात भजन. मृदंगाच्या शेजारी टाळ धरून बसलो आणि दोन तास फोन पाहिला नाही. पैसे नंतर आले, तेही अर्धेच. पण त्या महिन्यात आईच्या हातचं गरम जेवण रोज दोन वेळा मिळालं. नोकरी लागल्यापासून असं झालं नव्हतं.

बेळगाव, गृहिणी

काम करतो तो माझा नवरा, लिहितेय मी. काम नव्हतं तेव्हा संध्याकाळी सहाला तो सासूबाईंना कपिलेश्वराला घेऊन जायचा. दोघं चालत जायचे, येताना भाजी आणायचे. आता काम सुरू होऊन आठवडा झाला, तरी सहा वाजले की सासूबाई चपला घालून दारात बसतात, बोलत काहीच नाहीत. काल त्याने लॅपटॉप मिटला आणि पिशवी मागितली.