निफाडचा गारठा, कसारा घाट आणि लांबचा पल्ला: इलेक्ट्रिक घ्यावी की पेट्रोल-सीएनजी?

पंचवटीकर

कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच-सहा अंशांवर आला की निफाडच्या द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, आणि गाडी घ्यायला निघालेल्यांच्या तोंडी एकच वाक्य येतं: 'थंडीत इलेक्ट्रिक गाडी अर्धीच पळते.' हे ऐकून चांगले चांगले लोक बुकिंग रद्द करतात, म्हणून हा विषय काढतोय.

त्या वाक्याचं मूळ बघा. अमेरिकेतल्या एएए या वाहनचालकांच्या संघटनेनं २०१९ मध्ये चाचणी घेतली. उणे ७ अंशांच्या आसपास हीटर लावून गाड्या चालवल्या तेव्हा पल्ला, म्हणजे एका चार्जवर गाडी जाते ते अंतर, सरासरी ४१ टक्क्यांनी घटला. तेवढ्याच थंडीत हीटर बंद ठेवला तर घट फक्त १२ टक्के. म्हणजे पल्ला खातो तो मुख्यतः हीटर. पेट्रोलच्या इंजिनात निम्म्याहून जास्त ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते, त्यातूनच केबिन फुकट तापते. इलेक्ट्रिक गाडीत ती ऊब बॅटरीतून विकत घ्यावी लागते.

आता नाशिकचा हिशेब. सकाळी ८ अंशांत निघालात तर हीटर पहिली काही मिनिटं तीन-चार किलोवॅट ओढतो, मग एक-दीडवर स्थिरावतो. नऊ-साडेनऊला ऊन चढलं की त्याची गरजच उरत नाही. पुण्याच्या २१० किलोमीटरांत हीटरचा खर्च दोन-अडीच युनिटं (एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास), ४५ युनिटांच्या बॅटरीतली. एवढ्यासाठी पेट्रोल घ्या म्हणणं मला पटत नाही.

सिन्नर फाटा

भाऊ, थंडीचं मान्य. पण लोक गाडी नागपूरला न्यायलाही घेतात. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून पूर्ण ७०१ किलोमीटर खुला आहे, सपाटीवर कारला ताशी १२० ची मुभा आहे. तिथं इलेक्ट्रिक उघडी पडते.

हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो. ८० चे १२० केले की तो सव्वादोन पट होतो. मध्यम आकाराची एसयूव्ही ८० नं जाताना शंभर किलोमीटरला साधारण १४ युनिटं घेते, १०० नं १७-१८ आणि १२० नं २२ च्या घरात. ४५ ची बॅटरी पूर्ण भरून १० टक्क्यांपर्यंत रिकामी केली तर १२० च्या वेगात १८० किलोमीटर मिळतात. पुढच्या प्रत्येक थांब्यावर १० ते ८० टक्केच भरायचं, कारण ८० नंतर चार्जिंग रखडतं. म्हणजे पुढचे टप्पे १४०-१४५ चे. नाशिकहून सिन्नरजवळच्या गोंद्याला समृद्धीवर चढून नागपूर सहाशेच्या आसपास: तीन थांबे. पेट्रोल गाडी एका टाकीत पोचते, नाहीतर पाच मिनिटांचा एक थांबा.

थंडीत आणखी एक भर. ६ अंशांची हवा ३० अंशांच्या हवेपेक्षा आठ-नऊ टक्के घट्ट असते. तिचा मार पेट्रोललाही बसतो, पण त्याला पंप सगळीकडे आहेत.

गंगापूर रोड

सिन्नर फाटा, आकडे बरोबर आहेत, पण १२० नं पळवायचंच कशाला? ९५ ला क्रूझ कंट्रोल लावा, म्हणजे वेग आपोआप तेवढाच राहतो. १७ युनिटांच्या हिशेबानं पहिला टप्पा २३५ चा, पुढचे १८५ चे. दोन थांब्यांत नागपूर. ४० किलोवॅटच्या सरासरीनं एक थांबा पन्नास मिनिटांचा धरला, वर चार्जर गाठायला दहा मिनिटं, तर १२० वाला आणि ९५ वाला जवळपास एकाच वेळी पोचतात. जेवण, चहा, मुलांचं उतरणं धरलं की दोन थांबे तसेही होतात. शिवाय राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात समृद्धी, मुंबई-पुणे द्रुतगती आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक कारना टोलमाफी आहे.

खरी गोची चार्जरच्या पाटीत असते. ६० किलोवॅटच्या यंत्राला दोन गन (गाडीला लावायच्या नळ्या) असतील आणि शेजारी दुसरी गाडी लागली तर बऱ्याच ठिकाणी वाटणी ३०-३० ची होते, आणि पन्नास मिनिटांचा तास-सव्वातास होतो. ॲपमध्ये एकूण किलोवॅट बघून फसू नका, एका गनला किती ते बघा.

घाटाची भीतीही अकारण आहे. कसारा ते इगतपुरी चढ साधारण ३०० मीटर. माणसांसकट १,८०० किलोची गाडी तेवढी उचलायला दीड-पावणेदोन युनिटं लागतात, उतरताना मोटारच जनित्रासारखी चालून गाडी रोखते आणि त्यातलं एक युनिट बॅटरीत परत येतं. मात्र इगतपुरीच्या हॉटेलात १०० टक्के चार्ज करून थेट कसारा उतरू नका. भरलेल्या बॅटरीत परतीची वीज घ्यायला जागाच नसते, मोटारीचा ब्रेक लागत नाही आणि सगळा भार ब्रेक पॅडवर येतो. पहाटे बॅटरी गार असेल तर हेच ९० टक्क्यांनाही जाणवतं. ८० वर थांबा.

गॅसकिट

इलेक्ट्रिक की पेट्रोल एवढीच चर्चा का? नाशकात निम्मे लोक सीएनजीचा विचार करतात, आणि थंडीत त्याचं वेगळंच गणित आहे.

सिलिंडरमध्ये गॅस २०० बार दाबानं असतो. रेग्युलेटरमध्ये दाब उतरला की गॅस एकदम गार पडतो, म्हणून रेग्युलेटरला इंजिनाच्या कूलंटची (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची) ऊब दिलेली असते. बहुतेक गाड्या म्हणूनच सकाळी पेट्रोलवर सुरू होतात आणि कूलंट तापल्यावर गॅसवर जातात. थेट गॅसवर सुरू होणारी मॉडेलंही आहेत. बाहेरून बसवलेल्या किटमध्ये कूलंट कमी असेल किंवा पाइपात हवा अडकली असेल तर रेग्युलेटरवर पांढरं दव गोठलेलं दिसतं. गाडी धक्के खाते, गॅस-पेट्रोल-गॅस अशी उड्या मारते. लोक इंजेक्टर बदलत बसतात. आधी कूलंटची पातळी बघा, रेग्युलेटरच्या दोन्ही नळ्यांना हात लावा. इंजिन तापलेलं आणि नळी गार, म्हणजे कूलंट फिरत नाही.

पल्ल्याचं बोलायचं तर ६० लिटरच्या सिलिंडरात आठ-नऊ किलो गॅस, दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर. इलेक्ट्रिकच्या एका टप्प्याइतकाच. पण गॅस संपला तर मागे पेट्रोलची टाकी आहे, हा आधार मोठा. रांग, गेलेली डिकी आणि दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाखालची तपासणी), हे तोटे.

उगावकर

शहरातल्यांना चार्जरचं वाटतं, गावात घरची अर्थिंग आधी बघावी लागते. आमच्या भागात वरच्या मातीखाली काळा कातळ. अर्थिंगचा खड्डा उथळ राहिला की उन्हाळ्यात अर्थिंग कोरडी पडते आणि चार्जर लाल दिवा दाखवून बसतो. वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजून घ्या, पाचच्या वर असेल तर मीठ-कोळसा भरून नवा खड्डा करा. ७.२ किलोवॅटचा चार्जर ३२ अँपिअर ओढतो, त्यासाठी मंजूर भार वाढवून घ्या आणि मीटरपासून वेगळी वायर ओढा. नुसत्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर ४५ ची बॅटरी भरायला पंधरा-सोळा तास जातात. शेतीपंपाच्या जोडणीवर गाडी लावू नका, ते नियमात बसत नाही आणि तो फीडर दिवसाचे ठरावीक तासच चालू असतो.

चार्जिंग रात्री नऊला सुरू करून एकला संपवू नका. पहाटे निघायच्या वेळेला संपेल असं टायमर लावा. बॅटरी थोडी कोमट राहते, आणि गन लावलेली असतानाच केबिन तापवली तर ती वीज भिंतीतून जाते.

टायर तर दोन्ही गाड्यांना आहेत. साडेपाच अंशांना साधारण एक पीएसआय उतरतो. दुपारी २८ अंशांत ३३ भरलेली हवा पहाटे ६ अंशांत २९ दाखवते. हवा सकाळीच, गाडी पळण्याआधी तपासा.

सिन्नर फाटा

हे सगळं नाशिकपुरतं ठीक. पण ज्यांना वर्षातून एकदा मनालीला जायचंय त्यांचं काय? इथून अठराशे किलोमीटर, शेवटी खरी हाडं गोठवणारी थंडी. परवडणाऱ्या बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांत एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी असते, आणि शून्याखाली ती चार्ज घ्यायला नाखूश असते. लिथियम आत शिरायच्या ऐवजी पृष्ठभागावर धातू होऊन साचायचा धोका असतो, म्हणून बॅटरीची व्यवस्थापन यंत्रणा प्रवाहच कापते. अशा जागी पेट्रोलला पर्याय नाही.

पंचवटीकर

नॉर्वेत २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या कारपैकी सुमारे ८९ टक्के इलेक्ट्रिक होत्या, आणि तिथली थंडी मनालीपेक्षा हलकी नाही. फरक गाडीच्या सोयींत आहे. बॅटरी तापवणारा हीटर, एका युनिटात दोन-तीन युनिटांची ऊब देणारा हीट पंप आणि घरोघर चार्जर. आपल्याकडच्या स्वस्त मॉडेलांत पहिल्या दोन्ही गोष्टी बहुधा नसतात. तेव्हा मनालीच्या बाबतीत तुमचं म्हणणं मानतो, पण सरसकट नाही. शोरूममध्ये 'बॅटरी कूलिंग आहे का' एवढंच विचारू नका, 'बॅटरी हीटिंग आहे का' हेही विचारा. आणि रात्रभर बर्फात उभी राहिलेली गाडी पहाटे फास्ट चार्जरला लावू नका. आदल्या संध्याकाळी पोचल्या पोचल्या, बॅटरी गरम असतानाच भरून ठेवा.

गॅसकिट

पेट्रोल-डिझेलवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. आपल्याकडे गॅरेजमध्ये कूलंट कमी दिसला की साधं पाणी ओतायची सवय आहे. नाशकात त्यानं लगेच काही बिघडत नाही. शून्याखाली तेच पाणी गोठून फुगतं आणि रेडिएटर किंवा इंजिनाचा ब्लॉक तडकतो. निघण्याआधी सगळं काढून कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं भरा, ते उणे ३५ पर्यंत टिकतं. डिझेलमधलं मेण थंडीत घट्ट होऊन फिल्टर चोंदतो, म्हणून वर जाताना इथलं डिझेल टाकीभर नेऊ नका, तिथल्या पंपावर भरा. इंडियन ऑइलनं लडाखसाठी २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल आणलं ते ह्याच कारणानं. बारा व्होल्टची बॅटरी तीन-चार वर्षांची असेल तर आधीच बदला. ती इलेक्ट्रिक गाडीतही असते. ती बसली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागी होत नाही.

गंगापूर रोड

बर्फात वाहतूक अडकली तर? ३० युनिटं शिल्लक असतील आणि हीटर दीड-दोन किलोवॅट घेत असेल तर पंधरा-वीस तास ऊब मिळते. पेट्रोल इंजिन उभ्याउभ्या तासाला पाऊण-एक लिटर पितं, ३० लिटरांत तीसेक तास. पेट्रोल इथं सरस. पण सायलेन्सर बर्फात बुजला तर कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये येतो, त्याला वास नसतो. दर अर्ध्या तासानं खाली उतरून मागचा बर्फ काढा आणि एक काच बोटभर उघडी ठेवा.

सिन्नर फाटा

ताई, हे पटलं. माझा मुद्दा आता एवढाच उरतो: ज्यांच्याकडे हक्काचं पार्किंग नाही, सोसायटी चार्जर बसवू देत नाही आणि महिन्यातून दोन-तीनदा तीनशेच्या वर जाणं आहे, त्यांनी पेट्रोल घ्यावं. बाहेरच्या चार्जरवर युनिटला वीसच्या आसपास मोजलेत, तर घरच्या विजेवर मिळणारी बचत उरत नाही.

पंचवटीकर

मान्य. आणि ज्यांचं पार्किंग आहे त्यांनी टेस्ट ड्राइव्ह कॉलेज रोडवर दुपारी घेऊ नये. सकाळी साडेसहाची वेळ मागा, हीटर २२ वर लावा, मुंबई नाक्यावरून घोटीपर्यंत ९० नं जाऊन या. निघताना आणि आल्यावर बॅटरीचे टक्के लिहून घ्या. जाऊन-येऊन सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर होतात. ४५ ची बॅटरी तीस-पस्तीस टक्क्यांनी उतरली तर ठीक. घट चाळीसच्या वर गेली तर आधी टायरमधली हवा तपासा, मग विक्रेत्याला विचारा.