मदत हवी आहे: मैत्री क्लिनिकच्या समुपदेशक कॉलेजात कशा आणता येतील?

नमस्कार. तालुक्याच्या गावी अकरावी-बारावीला शिकवते. वर्गातल्या चिठ्ठ्यांच्या पेटीत ‘पाळी दोन महिने आली नाही, कुणाला सांगू?’, ‘मेडिकलवाला कंडोम देईल का, की घरी सांगेल?’ असे प्रश्न येतात. या मुलांना खरी उत्तरं मिळायलाच हवीत.

ग्रामीण रुग्णालयात १० ते १९ वयोगटासाठी मोफत मैत्री क्लिनिक आहे. पण ते ओपीडीच्या बाकांसमोर. तिथे ओळखीचं कुणीतरी बसलेलं असतंच, मुली दारातूनच परत फिरतात. समुपदेशक ताई कॉलेजात यायला तयार आहेत, मात्र वरिष्ठांचं पत्र लागतं. वैद्यकीय अधीक्षकांकडे अर्ज दिलाय, उत्तर नाही. प्राचार्यांची लेखी परवानगी आहे, पालकसभेतही विरोध झाला नाही. कॉलेज सुटल्यावर सत्र जमणार नाही, एसटी चुकते. खासगी व्याख्याते नकोत, ते संयमाचे धडे देऊन जातात.

राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात असं सत्र कुणी घेतलंय का? अर्ज तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना करायचा की जिल्हा शल्यचिकित्सकांना?

आणि पॉक्सोच्या (मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांविरुद्धच्या कायद्याच्या) कलम १९ मुळे १८ वर्षांखालच्यांच्या लैंगिक संबंधांची माहिती पोलिसांना कळवावी लागते. मग मुलं मोकळेपणी बोलण्याआधीच, काय गुप्त राहील आणि काय नाही, हे त्यांना न घाबरवता कोणत्या शब्दांत सांगता?