मदत हवी आहे: बाबांच्या केस पेपरवर ‘फायरमन’ कसं लिहून घ्यायचं?

नमस्कार. मी नागपूरची, सक्करदऱ्याला राहते. बाबा अग्निशमन दलात 29 वर्षं होते. फायरमन म्हणून लागले, लीडिंग फायरमन म्हणून निवृत्त झाले. दिवाळीनंतर त्यांच्या लघवीतून रक्त गेलं. दुखत काहीच नव्हतं, म्हणून पंधरा दिवस घरात बोललेच नाहीत. उन्हाळी लागली असेल म्हणे, ऐन थंडीत! दुर्बिणीतून गाठ काढली, रिपोर्टमध्ये मूत्राशयाचा कॅन्सर आला. स्नायूपर्यंत पोचलेला नाही. आता मूत्राशयात बीसीजीचे (गाठ परत येऊ नये म्हणून देतात त्या औषधाचे) डोस सुरू आहेत.

प्रत्येक डॉक्टरांनी आधी हेच विचारलं, बिडी-सिगारेट किती? बाबांनी जन्मात बिडी ओढली नाही, खर्ऱ्याला हात लावला नाही. ‘नाही’ म्हटल्यावर मात्र पुढे कोणी काही विचारलं नाही. व्यवसायाच्या रकान्यात ‘सेवानिवृत्त’ एवढंच लिहिलंय. ते वाचल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था, आयएआरसी, हिने 2022 मध्ये आग विझवण्याचं काम गट 1 मध्ये टाकलं, म्हणजे माणसात कॅन्सर होतो हे सिद्ध झालेल्या कारणांत. 2007 मध्ये हेच काम 2बी या ‘शक्यता आहे’वाल्या गटात होतं. पुरेसा पुरावा दोन कॅन्सरसाठी मिळाला: मेसोथेलिओमा (बहुतेकदा फुफ्फुसाच्या आवरणाला होणारा) आणि मूत्राशयाचा.

बाबांना विचारलं तर ते लकडगंजच्या लाकडाच्या टाली (वखारी), कळमन्याची गोदामं, भांडेवाडीचा पेटलेला कचरा असं एकेक सांगत बसतात. आगीची वर्दी आली की बंब निघायचा, नाकाला ओला रुमाल बांधायचा. बीए सेट (पाठीवरच्या सिलिंडरमधून श्वासाला हवा देणारा मुखवटा) मोजके, आणि आग विझली की तेही उतरवायचे. मग तासन्‌तास ढिगारा उपसायचा, फुटलेले सिमेंटचे पत्रे हातानं बाजूला करायचे. तीन-तीन दिवस काळं थुंकायचो, म्हणतात.

आता धाकटा भाऊ त्याच नोकरीत आहे. तोही काजळी भरलेले कपडे घरी आणतो. म्हणून विचारते:
बाबांच्या कामाची नोंद कागदावर कशी करून घेऊ? नुकसानभरपाईसाठी ती लागते का? आणि भावानं आजपासून काय बदलायचं?

निवृत्त स्टेशन ऑफिसर:
ताई, भावाचं आधी सांगतो. धूर दिसेनासा झाला तरी ढिगाऱ्यातून विषारी वायू निघतच असतात, तेव्हा उपसणं संपेपर्यंत बीए सेट उतरवायचा नाही. आमच्या पिढीनं नेमकी तिथेच चूक केली. परतण्याआधी जागेवरच होजनं अंगावरचा सूट धुवायचा, मग काढून पिशवीत बंद करायचा. गाडीच्या केबिनमध्ये ठेवायचा नाही. मान, चेहरा, हात तिथेच ओल्या कापडानं पुसायचे, स्टेशनवर पोचलं की आंघोळ. अंग तापलं की काजळीतलं विष कातडीतून जास्त शिरतं, मानेतून आणि जांघेतून विशेष. कपडे घरच्या बादलीत नकोतच. आणि प्रत्येक वर्दीची तारीख, जागा, काय जळत होतं, हे वहीत लिहायला सांगा. मी लिहिलं नाही.

कॅन्सर वॉर्डात काम केलेली परिचारिका:
तुम्हीच एक पान लिहून न्या: कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत नोकरी, काम काय, आगी कशाच्या, तोंडाला काय बांधायचे. सोबत सेवापुस्तकाची प्रत जोडा. युरोसर्जनना सांगा, ‘व्यवसायाचा इतिहास म्हणून एवढं नोंदवा.’ हे त्यांच्या कामाचंच आहे. एक मात्र स्पष्ट सांगते. गट 1 म्हणजे पुरावा पक्का. धोका किती मोठा, हे तो आकडा सांगत नाही. एका माणसाचा कॅन्सर आगीमुळेच झाला, असं कोणताही डॉक्टर छातीठोकपणे लिहून देणार नाही. नोंद मात्र मागाच. भरपाईचं कामगार कायद्याच्या वकिलाला विचारा, तेही हाच कागद आधी मागतील. दुर्बिणीची तारीख चुकवू नका, हा आजार परत येतो.

धागाकर्ती:
दोघांचे मनापासून आभार. पान आज रात्रीच लिहायला बसते, बाबा सांगतील. अजून एक विचारायचं राहिलं. बाबांची डांगरी (कामावरचे कपडे) 29 वर्षं आईनंच धुतली, अंगणातल्या दगडावर आपटून, आमच्या शाळेच्या कपड्यांसोबत. तिला काही तपासायचं का?

कॅन्सर वॉर्डात काम केलेली परिचारिका:
प्रश्न रास्त आहे. ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात काम करणाऱ्यांचे कपडे धुणाऱ्या बायकांना मेसोथेलिओमा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि जुने सिमेंटचे पत्रे ॲस्बेस्टॉसचेच असायचे. तुमच्या आईचा संपर्क तेवढा रोजचा नव्हता, त्यामुळे घाबरू नका. पण हा आजार तीस-चाळीस वर्षांनीही दिसतो. दम लागणं, छातीच्या एका बाजूला सतत दुखणं असं काही असेल तर छातीच्या डॉक्टरांकडे न्या आणि कपडे धुतल्याचं आपण होऊन सांगा. तेही त्या पानावर लिहा, आईचं वेगळं पान करून.